जुनी आलिशान गाडी घेताना आधी गालिचा उचला

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतचा पट्टा पाण्याखाली गेला. लोक झोपेतून उठून वरच्या मजल्यावर पळाले. गाड्या जिथल्या तिथे राहिल्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि कंपाउंडच्या फाटकाआड. बुडालेला भाग बराचसा सुखवस्तू, त्यामुळे त्या गाड्यांमध्ये साध्या होत्या तशा महागड्याही असणारच.

पुढे त्यांचं काय झालं, हे जुनी आलिशान गाडी शोधणाऱ्या प्रत्येक नागपूरकरानं समजून घ्यायला हवं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल, तर विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा ती धुतो, वाळवतो, सीट बदलतो, पॉलिश मारतो आणि बाजारात आणतो. बहुतेकदा दुसऱ्या शहरात, कारण तिथे कुणी तिला ओळखत नाही. म्हणजे इथली बुडालेली गाडी उद्या रायपूरला किंवा इंदूरला दिसू शकते आणि चेन्नईच्या डिसेंबर २०२३ च्या पुरातली वर्धा रोडवर उभी असू शकते. 'आमच्या भागात पाणी आलंच नव्हतं' या उत्तराला म्हणून फारसा अर्थ नाही.

साध्या छोट्या गाडीपेक्षा आलिशान गाडीला पुराचं पाणी कितीतरी जास्त बाधतं. या गाड्यांत डझनावारी छोटे संगणक असतात. दारं, दिवे, सीट, गिअर, ब्रेक या सगळ्यांना हुकूम देणारे. त्यातले कित्येक गालिच्याखाली, सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेले असतात. बीएमडब्ल्यूची तर बॅटरीसुद्धा बहुतेक मॉडेलांत डिकीत असते. वीतभर पाणी आत आलं तरी पहिला घाव यांच्यावर. गाडी वाळते, सुरू होते, दोन महिने छान चालते. मग प्लगच्या पिनांवर हिरवट गंज धरतो आणि रोग सुरू होतात. काच आपोआप खाली येते, गिअर एका जागी अडकतो, एअरबॅगचा दिवा लागतो. मिस्त्री एक वायर सांधतो तोवर दुसरी जाते.

म्हणून पहिलं काम म्हणजे वाकून गालिचा उचलणं. वरून कोरडा असलेला गालिचा खालच्या फोममध्ये ओल धरून असतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कायम गुंडाळलेला राहतो तिथे पाण्याची मळकट रेघ दिसते, आणि ती धुवायची कुणाला सुचत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, डिकीतला तळ उचलून स्टेपनीच्या खोलगट जागेत हात फिरवा. गाडीत अत्तराचा वास जास्तच घमघमत असेल तर काचा लावून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास लपत नाही.

याहून खात्रीचा साक्षीदार कागदावर असतो, आणि तो फार कमी लोक पाहतात. मालकाकडून मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस वाचा. एकही क्लेम न घेतलेलं पहिलं वर्ष गेलं की हा बोनस २० टक्के होतो आणि पाच वर्षांत चढत चढत ५० वर जातो. २०२३ मध्ये ४५ टक्के होता आणि २०२४ मध्ये एकदम शून्यावर आला असेल, तर मधल्या वर्षात क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. कशाचा झाला ते विचारा आणि वर्कशॉपचं बिल बघायला मागा. सरळ माणूस दाखवतो.

आता पैशांचं. समजा, नवी असताना साठ लाखांना पडलेली जर्मन सेडान आठ वर्षांनी पंधरा लाखांना मिळते आहे. मोह व्हावा अशीच गोष्ट आहे आणि त्यात वावगं काही नाही. उत्तम गाडी चालवण्याची हौस असणं हा गुन्हा नव्हे. पण गाडीची किंमत चौथाईवर आली तरी तिचे सुटे भाग साठ लाखांच्याच गाडीचे असतात. एक एलईडी हेडलॅम्प लाखाच्या पुढे जातो. एअर सस्पेन्शन, टर्बो, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट यांची बिलं तर अशी असतात की पहिला मालकच ती पाहून गाडी विकायला काढतो. हेच या बाजाराचं मर्म आहे. वॉरंटी संपते, वर्कशॉप मोठं एस्टिमेट हातात देतं आणि गाडी विक्रीला येते. विकण्याचं कारण विचारलं तर 'नवी घ्यायची आहे' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा शेवटच्या वर्षभराची सर्व्हिसची बिलं आणि न केलेल्या कामांची यादी मागा. अधिकृत वर्कशॉपच्या जॉबकार्डवर 'ग्राहकाने काम नाकारले' अशी नोंद सापडली, तर तुमच्या पहिल्या खर्चाचा पत्ता लागला म्हणून समजा. माझ्या मते गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत नसेल तर हा सौदा करू नये.

'साहेब, डॉक्टरांची गाडी आहे, घर ते हॉस्पिटल एवढीच चालली' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. डिझेल गाडीच्या बाबतीत ते ऐकून खूश होऊ नका. धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी या गाड्यांत असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आल्यावर तर डिझेलला ती जवळपास अटळच झाली. साठलेली काजळी जाळायला गाळणीला लांब, सलग आणि गरम धाव लागते. धरमपेठ ते रामदासपेठ अशा तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती कधी तापतच नाही आणि तुंबत जाते. अशा गाडीपेक्षा दर महिन्याला पुण्याला जाऊन आलेली, ऐंशी हजार किलोमीटर झालेली, वेळेवर तेल बदललेली गाडी मी पसंत करीन.

किलोमीटरचा आकडा फिरवणं आता लॅपटॉपचं काम आहे, त्यामुळे मीटरवर विसंबू नये. पण आलिशान गाडीत हा आकडा एकाच ठिकाणी नसतो, अनेक मॉड्यूलमध्ये साठलेला असतो आणि फिरवणाऱ्याला ते सगळे सापडतातच असं नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा त्या ब्रँडचं पूर्ण स्कॅनर असलेल्या जाणत्या गॅरेजमध्ये गाडी लावून प्रत्येक मॉड्यूल वाचून घ्या. खर्च काही हजारांचा असतो आणि तो खरेदीदारानं करावा. विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवून काही उपयोग नाही. स्कॅनमध्ये एकही दोष नाही आणि आतल्या चाचण्याही अपूर्ण दिसताहेत, असं आढळलं तर दोष नुकतेच पुसले गेले असण्याची शक्यता मोठी. पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करायचा आग्रह धरा. चेसिस नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास आणि कंपनीनं परत बोलावलेल्या गाड्यांची यादीही तपासता येते. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर जे रिकॉल झाले त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. त्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं. बदलून दिलेली नसेल तर ती बदलून घेणं हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

नागपूरचा उन्हाळा गाडीवर काय परिणाम करतो, ते पुण्या-मुंबईच्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. पंचेचाळीस अंशांच्या पुढे बॉनेटखालचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. कूलंटचे पाइप, टाकी, थर्मोस्टॅटचं कवच, युरोपीय गाड्यांत यातलं बरंच प्लॅस्टिकचं असतं. रबरी बुशला चिरा पडतात, आणि एअर सस्पेन्शनचे रबरी फुगे सुकून झिरपू लागतात. म्हणून गाडी संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांत न पाहता भर दुपारी पाहा. एसी पूर्ण लावून वीस मिनिटं उभी ठेवा, मागच्या सीटच्या झरोक्यांतून गार हवा येते का बघा. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. इंजिन खरोखर किती तापलं ते स्कॅनरच सांगतो. एअर सस्पेन्शनची परीक्षा मात्र सकाळीच होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे, आणि ती भरता भरता कॉम्प्रेसरही थकलेला असणार.

इंजिनही थंड असतानाच सुरू झालेलं ऐकावं. तुम्ही पोहोचायच्या आधी गाडी तापवून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. २००७ ते २०१४ च्या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेल इंजिनची टायमिंग चेन मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथून खरखर ऐकू आली तर दुरुस्तीसाठी मोठी उतराउतर करावी लागते. त्याच सुमाराच्या ऑडीच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांपैकी अनेक इंजिनं तेल पितात. मालकाला दोन सर्व्हिसच्या मध्ये किती लिटर तेल टाकावं लागतं, हे सहज बोलता बोलता विचारा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं सांगितलं जातं. यातले अनेक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. बिल नसेल तर तो खर्च तुमच्या अंगावर येणार असं धरा.

चालवून बघताना नागपूरचे गुळगुळीत सिमेंट रस्ते फसवतात. त्यांवर कुठलीही गाडी छान वाटते. मुद्दाम गल्लीत शिरा, सिमेंट रस्त्याच्या कडेचा गट्टूचा उतार तिरका चढवा, गतिरोधकावरून अर्ध्या क्लचसारख्या संथ गतीनं न्या. काच उघडी आणि गाणी बंद. मग आउटर रिंग रोडवर थोडा वेग द्या. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं टायर समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगानं, उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर पळवणं धोक्याचं आहे. अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते, तेव्हा चारही टायरची किंमत आधीच धरा.

रंगाबद्दल थोडक्यात. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. जाडी मोजायच्या यंत्रावर एखाद्या पत्र्याचा आकडा कित्येक पटींनी वर गेला तर तिथे लांबी भरलेली आहे. बंपर किंवा दाराचा ओरखडा क्षम्य आहे. छताच्या खांबावर किंवा चेसिसच्या दांड्यावर लांबी आढळली तर तिथूनच परत फिरा.

कागदपत्रांत नागपूरकरांना सर्वांत जास्त भुलवते ती दिल्ली पासिंगची गाडी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली. नंतरच्या आदेशांनी नियम हलत राहिला, तरी तिथल्या जुन्या डिझेल गाड्यांचे भाव पडलेलेच आहेत. पण त्या स्वस्ताईत इथला कर धरलेला नसतो. तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणून महाराष्ट्राचा एकरकमी कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. वीस लाखांवरच्या नव्या गाडीला इथे पेट्रोलसाठी १३ आणि डिझेलसाठी १५ टक्के कर आहे. बाहेरून आलेल्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण हिशोब तुम्ही मोजलेल्या किमतीवरून सुरू होत नाही. टोकन देण्याआधी गिरीपेठच्या आरटीओत जाऊन त्या नेमक्या मॉडेलचा आकडा काढून घ्या.

गाडीचं वयही नीट मोजा. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटींच्या १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. देशभर त्याची बातमी झाली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे त्या वेळच्या गाड्यांना आता आरटीओची तपासणी आणि नूतनीकरण लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. अशी गाडी फार स्वस्तात मिळत असेल तर आरसीवरची शेवटची तारीख आधी वाचा.

एमएच ३१, ४० किंवा ४९, पासिंग कुठलंही असो, वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि काळ्या यादीची नोंद बघता येते. चलनं वेगळी तपासा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या, 'पुढच्या आठवड्यात देतो' यावर थांबू नका. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक आहे. पैसे बँकेतूनच द्या, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं विक्रेत्यालाही परवडणारं नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी करून घ्या. नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली तर अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. विमा स्वतःच्या नावावर करायला तुम्हाला १४ दिवस मिळतात, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. नव्या पॉलिसीत इंजिन संरक्षणाचं कलम जोडून घ्या. साचलेल्या पाण्यात गाडी सुरू केल्यानं इंजिनात पाणी शिरून ते मोडलं, तर साधी पॉलिसी तो खर्च देत नाही.