लेहमधले दोन रिकामे दिवस

'हॉटेलच्या खोलीत झोपायला का एवढे पैसे भरले आपण?'

लेहला पोहोचून जेमतेम तीन तास झाले होते आणि ह्यांचा हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. खिडकीबाहेर जून महिन्यातले लख्ख ऊन होते, पॉपलरची झाडे सळसळत होती आणि मागे बर्फाची टोपी घातलेला डोंगर उभा होता. इतके सगळे समोर असताना पांघरूण घेऊन पडून राहायचे, हे ह्यांना पटेना.

तसा आमचा बेत साधाच होता. जबलपूरहून रात्रीच्या गाडीने दिल्ली आणि तिथून पहाटेच्या विमानाने लेह. प्रवास कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात पहिला दिवस लेहच्या बाजाराचा होता आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँग सरोवर. मात्र निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी तो कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. 'पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. तुमचं वय सत्तर आहे, विसरू नका,' असे त्यांनी ह्यांना बजावले होते. मी मान डोलावली होती. ह्यांनी मात्र ग्वारीघाटावर रोज चार किलोमीटर चालतो, ही आपली जुनी पावती पुढे केली होती.

आता हिशेब पाहा. आपले जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर आणि लेह सुमारे 3500 मीटरवर. दिल्लीहून विमान सव्वा तासात आपल्याला तिथे नेऊन सोडते. शरीराला ही बातमी कळायला मात्र दिवस लागतात. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. तरुण, रोज व्यायाम करणाऱ्या माणसालाही ही उंची बाधू शकते. घाटावरच्या चालण्याची पावती इथे चालत नाही.

दुपारी माझा डोळा लागला आणि तेवढ्यात हे हळूच बाहेर पडले. बाजारातून वर दिसणारा नऊ मजली लेह राजवाडा त्यांना खुणावत होता. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने बांधलेला हा राजवाडा गावावर असा उभा आहे की, कुठूनही नजर तिकडेच जाते. अर्धी चढण चढून ते परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. डोके ठणकत होते, जेवण नको होते. रात्री उलट्या सुरू झाल्या. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा 80 च्या खाली गेला, तशी माझ्या पोटात भीतीचा गोळाच आला.

हॉटेल चालवणाऱ्या लडाखी बाई खालच्याच मजल्यावर राहत होत्या. त्यांना सगळे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई आणि 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गाडी काढायला लावली आणि सरकारी रुग्णालयात आमच्यासोबत आल्या. ऑक्सिजन लावल्यावर हळूहळू ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर म्हणाले, 'वेळेवर आणलंत. विश्रांतीतही दम लागला, खोकला वाढला, बोलणं असंबद्ध झालं किंवा चालताना तोल गेला, तर थांबायचं नाही. ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि खाली उतरायचं.' मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, 'आणि पँगाँग या खेपेला नाही.'

पँगाँग सुमारे 4300 मीटरवर आहे आणि वाटेतली चांग ला खिंड त्याहून हजारभर मीटर उंच. हे काही बोलले नाहीत. परतताना गाडीत त्यांनी माझा हात धरला होता. लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली. माणूस गप्प का आहे, हे कळते.

मग ते दोन दिवस आम्ही खरोखर रिकामे घालवले. थोडे थोडे पाणी प्यायचे, थुक्पा प्यायचा, अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाखाली बसायचे. पहिल्या सकाळी मी गरम पाण्याची दुसरी बादली मागितली, तेव्हा आमा-ले हसून म्हणाल्या, 'माणशी एकच बादली, दीदी.' मला जरा राग आला. एवढे भाडे देऊन बादली मोजून?

मग त्यांनी मला कुंपणाशी नेऊन एक लहानसा पाट दाखवला. वरच्या डोंगरावरचे बर्फ वितळून आलेले ते पाणी होते. गावोगावी पाण्याची पाळी ठरवणारा माणूस असतो, त्याला 'चुरपोन' म्हणतात. लेहमध्ये वर्षभरात सुमारे 10 सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी एवढा पाऊस सहज पडून जातो! जुन्या लडाखी घरांतले संडासही बिनपाण्याचे. माती आणि राख टाकून त्याचे खत करायचे आणि शेतात घालायचे. पर्यटक आले, तसे हॉटेलांत फ्लश आले, शॉवर आले आणि जमिनीखालचे पाणी उपसणे वाढले. नर्मदेच्या काठी जन्म काढलेल्या मला बादलीची किंमत तिथे कळली. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या बादलीत आटोपले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, ती एका अटीवर: लेहपेक्षा उंच मुक्काम करायचा नाही. आमा-लेंनीच नवा कार्यक्रम आखला. आधी जवळचे थिकसे. बारा मजली, पांढरीशुभ्र, डोंगराच्या अंगावर चढत गेलेली ही गोम्पा. गाडी बरीच वर जाते, उरलेल्या पायऱ्या आम्ही दर दहा पायऱ्यांवर थांबत चढलो. आत मैत्रेय बुद्धाची सुमारे 15 मीटर उंच मूर्ती आहे. दोन मजले व्यापणाऱ्या या मूर्तीचे आपण वरच्या मजल्यावरून दर्शन घेतो, त्यामुळे दारातून आत जाताच थेट तो शांत चेहराच समोर येतो. हे तिथे बराच वेळ बसून राहिले. घाई करणाऱ्या माणसाला असे बसलेले मी क्वचितच पाहिले होते.

मग दोन रात्री अल्चीला. लेहपासून सुमारे 65 किलोमीटर, सिंधूच्या काठाने. वाटेत निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम, वेगवेगळ्या रंगांचे दोन प्रवाह. अल्ची साधारण 3100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. झोप गाढ लागली. इथली जुनी मंदिरे डोंगरावर नाहीत, सपाटीवर आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. आतल्या अंधारात आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे आहेत. तीन मजली मंदिरातल्या उभ्या अवलोकितेश्वराच्या धोतरावरही महाल, देवळे आणि माणसे रंगवलेली आहेत. फोटो काढायला मनाई आहे, म्हणून डोळे भरून पाहिले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणी आठवला. तो हाच अवलोकितेश्वर! लडाखच्या दगडादगडावर कोरलेला 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र त्याचाच. इतक्या दूर येऊन ओळखीचे कोणी भेटावे, तसे वाटले.

तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल, तर आमच्या अनुभवातून थोडे सांगते. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. उंचीसाठीच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. लेहमध्ये तळमजल्याची खोली मागा आणि पहिले दोन दिवस कोरे ठेवा. मुक्काम उंचीप्रमाणे लावा: आधी लेह, मग अल्ची किंवा नुब्रा. नुब्राही लेहपेक्षा खाली आहे, पण वाटेत खारदुंग ला खिंड ओलांडावी लागते. तिथे फार वेळ रेंगाळू नका. पँगाँग सर्वांत शेवटी. बंद खोलीत शेकोटी किंवा कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. आणि बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे तिथे चालत नाहीत, पोस्टपेड बरोबर असू द्या.

निघताना आमा-लेंनी जर्दाळूची पुडी हातात ठेवली. 'जुले!' त्या म्हणाल्या. भेटतानाही हाच शब्द, निरोपालाही हाच.

परवा ग्वारीघाटावर ह्यांच्या चालण्याच्या गटातले एक स्नेही लडाखला जायची तयारी सांगत होते. सहा दिवसांत सगळे बसवले होते त्यांनी. मला वाटले, आता हे पँगाँग राहिल्याची खंत सांगणार.

हे म्हणाले, 'आधी आठ दिवस करा. आणि पहिले दोन दिवस काहीही बघू नका. अंगणात बसा, पाटाचं पाणी वाहतं ते ऐका.'