टोकायची गोडी आणि नाशिकचे शेनिन ब्लाँ

वाईनमधील गोडी म्हणजे बाहेरून मिसळलेली साखर, असा समज द्राक्ष बागायतदारांतही आढळतो. उत्तम प्रतीच्या गोड वाईनच्या बाबतीत वस्तुस्थिती वेगळी आहे. रस आंबताना यीस्ट साखरेचे रूपांतर अल्कोहोलमध्ये करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की अल्कोहोल एक टक्क्याने वाढते. २२ ब्रिक्सच्या रसातील साखर अशा रीतीने जवळजवळ संपते आणि ड्राय वाईन मिळते. रस मुळातच ३० ब्रिक्सचा असेल, तर १२ टक्के अल्कोहोल झाल्यावर टाकी थंड करून आंबवण थांबवता येते व लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर शिल्लक राहते. तेव्हा गोड वाईनचा खरा प्रश्न तळघरातला नसून बागेतला आहे: मण्यात एवढी साखर आणायची कशी?

ईशान्य हंगेरीतील टोकाय या प्रदेशाने याचे उत्तर काही शतकांपूर्वीच शोधले. १७३७ मध्ये राजाज्ञेने या द्राक्षप्रदेशाची हद्द ठरविण्यात आली. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमाजवळ शरद ऋतूत पहाटे दाट धुके पसरते आणि दुपारी कोरडे ऊन पडते. धुक्यामुळे फुरमिंट या पांढऱ्या वाणाच्या पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस बुरशी वाढते व सालीला सूक्ष्म छिद्रे पडतात. उन्हात त्यांतून पाणी उडून जाते. साखर, आम्ल आणि स्वाद मागे उरतात. बेदाण्यासारखे सुरकुतलेले हे मणी मजूर एकेक करून वेचतात. त्यांना ‘आसू’ म्हणतात. त्यांचा लगदा ताज्या रसात किंवा तयार वाईनमध्ये भिजवून मग पिळला जातो. २०१३ पासूनच्या नियमांनुसार आसू वाईनमध्ये लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर आणि ओकच्या पिंपात किमान १८ महिने मुरवण आवश्यक आहे. साम्यवादी राजवटीत सरकारी कारखान्यांनी घाऊक उत्पादन केल्याने या वाईनचा दर्जा घसरला होता. १९९० मध्ये माद या गावी स्थापन झालेल्या ‘रॉयल टोकाय’सारख्या वाईनरींनी गावातील बागायतदारांच्या जुन्या नावाजलेल्या शिवारांची द्राक्षे वेगळी आंबवून तो सावरला.

हीच बोट्रायटिस महाराष्ट्रातील बागायतदाराला करड्या बुरशीच्या रूपात, घडकुजीचे कारण म्हणून परिचित आहे. टोकायमध्ये ती वरदान ठरते ते केवळ ओलावा आणि कोरडेपणा यांच्या रोजच्या आलटूनपालटून येण्यामुळे. नाशिकमध्ये काढणीचा काळ एकतर पूर्ण कोरडा असतो, नाहीतर अवकाळी पावसाने सलग ओला होतो. ओल्या हवेत बोट्रायटिससोबत इतर बुरश्या आणि आंबट कूजही शिरते. टोकायच्या ओढीने रोगनियंत्रण सैल सोडणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार होय.

नाशिकचा मार्ग वेगळा आहे: मणी बुरशीविना, केवळ उन्हावाऱ्याने वेलीवरच आटू देणे. गंगापूर धरणाजवळील सावरगाव परिसरात १९९७ मध्ये सुलाने सोव्हिनियाँ ब्लाँ व शेनिन ब्लाँची लागवड केली. पुढे येथे शेनिनची उशिरा काढणीची गोड वाईनही तयार होऊ लागली. शेनिन मूळचे फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील. तेथेही त्यापासून नामांकित गोड वाईन होतात. कारण या वाणात आम्लता अंगचीच जास्त. आम्लतेविना गोड वाईन पाकासारखी मिट्ट लागते.

हा मार्ग सर्वत्र खुला नाही. चंदीगड–लुधियाना पट्ट्यात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी होते आणि परलेटसारखे लवकर येणारे वाणही जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकते. तेथे थांबायला दिवसच नसतात. महाराष्ट्रात फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होत असल्याने पक्वता जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत येते. ही सवलत मोठी आहे.

तिची किंमत मात्र बागायतदाराच्या वजनकाट्यावर दिसते. समजा, २२ ब्रिक्सला १० टन द्राक्षे भरतात. त्यांत साधारण २.२ टन विद्राव्य घटक आहेत. केवळ पाणी आटून ब्रिक्स ३० झाले, तर तेच घटक ७.३ टन द्राक्षांत सामावतात. म्हणजे २७ टक्के वजन हवेत गेले. तेवढेच उत्पन्न टिकवायचे तर प्रतिटन भाव किमान ३६ टक्क्यांनी वाढवून मिळाला पाहिजे. पक्षी, मधमाश्या, गळ आणि कुजके मणी वेचण्याची मजुरी यात धरलेलीच नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना आणखी काही आठवडे थांबण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून उशिरा काढणीचा करार टनावर करू नये. तो एकरावर करावा किंवा ब्रिक्सनुसार चढत्या दराने करावा, आणि अवकाळीचे नुकसान कोणी सोसायचे हे त्यात आधीच लिहून घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदाराला हा हिशेब छाटणीपूर्वीच मांडून दाखवावा.

प्लॉट हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीचा निवडावा. भारी काळ्या जमिनीत पाणी तोडूनही मणी लवकर आटत नाहीत. शेनिनचा घड घट्ट असल्याने आतील मणी फुटून कूज पसरते, यासाठी घड मोकळे आणि हवेशीर ठेवावेत. मात्र घडांवरील पाने पूर्ण काढल्यास दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. ब्रिक्स २४ च्या पुढे गेल्यावर दर दोन-तीन दिवसांनी नमुना घ्यावा, आणि केवळ ब्रिक्स न मोजता पीएचही मोजावा. रात्री उबदार होऊ लागल्या की मॅलिक आम्ल झपाट्याने घटते; पीएच ३.५ ओलांडू लागला, तर ब्रिक्स अपेक्षेहून कमी असले तरी काढणी करावी.

घड मार्चअखेरपर्यंत वेलीवर राहिले, तर एप्रिलच्या खरडछाटणीपूर्वी वेलीला विश्रांती मिळत नाही आणि खोड व मुळांत अन्नसाठा कमी होतो. त्याचा परिणाम पुढील हंगामाच्या घडनिर्मितीवर होऊ शकतो. त्यामुळे एकाच प्लॉटवर सलग दोन वर्षे उशिरा काढणी न करता प्लॉट आलटूनपालटून निवडणे श्रेयस्कर.