एमडीची पुडी आणि घरातलं पोरगं



‘एमडी’ हे नाव आता वस्तीतल्या शाळकरी मुलांनाही माहीत झालं आहे. कुणी ‘म्याव म्याव’ म्हणतं. खरं नाव मेफेड्रोन. भुकटी किंवा बारीक खडे असतात. नाकाने ओढतात, नाहीतर गिळतात. दारूसारखा वास येत नाही, म्हणून घरच्यांना लवकर पत्ता लागत नाही.

हे रसायन १९२९ साली प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं आणि पुढे कित्येक वर्षं विसरलं गेलं. २००० सालानंतर ते नशेच्या बाजारात आलं. ब्रिटनमध्ये तर ‘झाडांचं खत’ म्हणून विकायचे. तिथे २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्यात आलं.

मेंदूत काय होतं? मेंदूच्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामिनमुळे हुरूप येतो, सेरोटोनिन मन आणि झोप सांभाळतं. एमडीमुळे ही रसायनं एकदम भरमसाट बाहेर पडतात आणि पेशींना ती परत आत घेता येत नाहीत. दोन-तीन तास पोरगं खुशीत असतं, भूक-झोप विसरतं. मग उतार पडतो. उदासी, चिडचिड, घालमेल सुरू होते. ती घालवायला पुन्हा पुडी लागते. असं सवयीचं व्यसन होतं.

लक्षणं ओळखा: रात्र-रात्र जागरण, भराभर उतरणारं वजन, दात खाणं, मोठ्या झालेल्या बाहुल्या, नाकातून रक्त, छातीत धडधड. पुढे संशय वाढतो, नसलेले आवाज ऐकू येतात. अशा वेळी बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या.

अंग तापलं, झटके आले, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ला फोन करा. बेशुद्ध माणसाला कुशीवर झोपवा. तोंडात लिंबूपाणी, काही घालू नका. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, त्यावरच उपचार ठरतात.

पोलिसांच्या भीतीने बरीच घरं गप्प बसतात. त्यांनी हे जाणून घ्यावं: कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की नशा करणारा किंवा अगदी थोडा माल जवळ असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. माल विकणाऱ्याला ही सवलत नाही.

मारून, कोंडून व्यसन सुटत नाही. औषधोपचार, समुपदेशन आणि घरच्यांची साथ लागते. व्यसनमुक्तीसाठी देशभरात १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. तो भिंतीवर लिहून ठेवा. शेजारच्या घरातही सांगा.