बातमी छापण्याआधी

बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत निरपराधांचं नुकसान होईल, असं कुराणातल्या सूरह हुजुरातची सहावी आयत बजावते. पाश्चात्त्य पत्रकारितेतही पडताळणीचाच मान पहिला. मतभेद पुढे आहे: तिथे लोकांचा जाणण्याचा हक्क मोठा, इथे माणसाची अब्रू झाकणं. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो उघड बोलावा, ही मुभा कुराणही देतं. भंडारा जिल्ह्याला या मुभेचं मोल कळावं. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांना त्यातली जात दिसायला कित्येक आठवडे लागले. न छापणं हाही अपराधच.

1978च्या कायद्याखालची भारतीय प्रेस कौन्सिल दोन्ही परंपरांना पटेल अशी चौकट देते: पडताळणी करा, उत्तराची संधी द्या, सार्वजनिक हित नसेल तर कुणाच्या खासगी आयुष्यात शिरू नका. दैनिकाने चुकीचं छापलं तर आधी संपादकाला लिहा. दाद मिळाली नाही, तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत कात्रण आणि त्या पत्राची प्रत जोडून कौन्सिलकडे तक्रार करा. ती ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या तर तिच्या कक्षेबाहेरच आहेत.