जुने निसर्गचित्र पुन्हा हाती घेताना

चित्रकाराच्या घरी माळ्यावर किंवा कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली काही चित्रे असतातच. ती विकली जात नाहीत, कुणाला भेट द्यावीत अशी वाटत नाहीत आणि टाकूनही देववत नाहीत. माझ्याकडचे असे एक चित्र पांढरकवड्याचे आहे. १९८६ च्या मार्च महिन्यात, नागपूरला चित्रकला शिकत असताना, आम्ही काही विद्यार्थी एस.टी.ने तेथे उतरलो होतो. खुनी नदीचे आटत आलेले पात्र, पलीकडच्या वावरात कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी पऱ्हाटी, धुऱ्यावर फुललेला पळस आणि दूरवर टिपेश्वरच्या दिशेची, पाने गाळून बसलेली सागाची टेकडी. हार्डबोर्डच्या एका तुकड्यावर तैलरंगात हे सारे तीन तासांत उतरवले आणि त्या दिवशी ते उत्तम जमल्यासारखे वाटले.

काही वर्षांपूर्वी ते चित्र बाहेर काढले तेव्हा पहिली प्रतिक्रिया झाली ती ब्रश घेऊन बसण्याची. आकाश हिरवट-पिवळे झाले होते, टेकडी कापून चिकटवल्यासारखी दिसत होती आणि पळस तर लाल शाईचे डाग पडावेत तसा. पण अशा वेळी घाई करू नये, हे मी एक दुसरे चित्र गमावून शिकलो आहे. जुन्या चित्रात जे खटकते त्यातले काही तेलाने केलेले असते, काही हाताने आणि काही काळाने. या तिन्हींवरचा उपाय एक नाही.

आधी तेलाचे पाहू. तैलरंगात बहुधा जवसाचे तेल असते. ते वाळताना हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि अंधारात राहिल्यास पिवळे पडते. कपाटामागच्या चित्राचे आकाश हिरवट दिसण्याचे हे साधे कारण आहे : निळ्यावर पिवळा पडदा आला की हिरवा होणारच. हा पिवळेपणा उजेडात बराचसा ओसरतो. चित्र थेट उन्हात न ठेवता (आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात तर मुळीच नाही) उजेडाच्या खोलीत काही आठवडे टांगावे. मी ते दीड महिना टांगले. आकाश पूर्ववत झाले नाही, पण ज्यावर मी नवा निळा फासणार होतो ते आकाश मुळात वाईट नव्हतेच, एवढे कळले.

हाताच्या चुका मात्र उजेडाने जात नाहीत. माझी चूक छायाभेदाची होती. दूरची टेकडी आणि जवळचा धुरा मी सारख्याच गडद रंगात रंगवला होता. विदर्भातल्या मार्चमध्ये हवेत धूळ इतकी असते की मैलभरावरचा साग राखाडी-जांभळा होऊन आकाशात मिसळतो. ते समोर दिसत असूनही मी रंगवला तो पुस्तकात शिकलेला हिरवा. अशी दुरुस्ती करण्यात गैर काही नाही. थोरामोठ्यांनीही ती केली आहे. टर्नरने १८२८ मध्ये रोम येथे रंगवलेले ‘रेग्युलस’ हे बंदराचे चित्र नऊ वर्षांनी लंडनच्या प्रदर्शनात, लोकांच्या देखत, पुन्हा रंगवले आणि त्यातला सूर्यप्रकाश पांढऱ्या रंगाने डोळे दिपतील इतका वाढवला. फ्रेंच चित्रकार पिएर बोनार तर या बाबतीत बदनामच होता. संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्या चित्रावर चोरून ब्रश फिरवल्याची त्याची कथा सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली. पण १९४७ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी, फुललेल्या बदामाच्या झाडाच्या चित्रातला कोपऱ्यातला हिरवा तुकडा त्याला पिवळा हवा होता आणि हात चालेना म्हणून त्याने पुतण्याची मदत घेतली, याची नोंद आहे.

येथे थोडे तंत्र सांगणे भाग आहे. जुन्या तैलचित्राचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि नवा रंग त्याला नीट धरत नाही. म्हणून आधी धूळ व मेणचट थर काढून, चित्रावर तेलाचा अगदी पातळ हात देऊन, तो कोरड्या कापडाने पुसून घेतात. त्यामुळे निस्तेज झालेले रंगही ओल्यासारखे खुलतात आणि नवा रंग जुन्याशी जुळवता येतो. नव्या थरात जुन्यापेक्षा तेल कमी नसावे. तसे झाल्यास वरचा थर आधी वाळून ताठ होतो आणि तडकतो. मी गमावलेले चित्र असेच गेले : तेलकट जुन्या थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला पांढरा रंग फासला आणि दोन वर्षांत उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या. जलरंगाचे तर बोलायलाच नको. पारदर्शक जलरंगात उजेड असतो तो कागदाचा. तो एकदा झाकला की परत येत नाही. ओल्या ब्रशने थोडा रंग उचलता येतो एवढेच. तेथे नवा कागद घेणे शहाणपणाचे.

आता काळाचे. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ७ होता, आता तो ४४ आहे आणि चौपदरी झाला आहे. टिपेश्वरला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. चित्र घेऊन मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा चित्रात होता तो पळस नव्हता. धुऱ्यावर विजेचे खांब होते. सोबतच्या स्नेह्याने सहज सुचवले, ‘आता हे खांबही टाका, चित्र आजचे होईल.’ नेमके हेच करू नये असे माझे मत आहे. त्या पळसाची माझ्याकडे दुसरी नोंद नाही. शिवाय झाकलेले कायम झाकलेले राहतेच असे नाही. तैलरंगाचा थर वयोमानाने अधिक पारदर्शक होत जातो आणि खालचे जुने रेखाटन वर डोकावू लागते. इटालियन भाषेत याला ‘पेंटिमेंटो’ म्हणतात, शब्दाचा मूळ अर्थ पश्चात्ताप.

जागा बदलली असेल तर नवे चित्र करावे. आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात रंकाळा आणि कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवले, ते असेच. प्रत्येक वेळेचा उजेड निराळा म्हणून कागद निराळा. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मंडल्याच्या जंगलातले त्यांचे बालपण फ्रान्समध्ये दशकानुदशके नव्या कॅनव्हासवर उतरत राहिले, ‘ला तेर’ म्हणजे ‘भूमी’ या नावाची तर त्यांची एकाहून अधिक चित्रे आहेत. मुंबईची सुरुवातीची निसर्गचित्रे मात्र जशीच्या तशी राहिली, म्हणूनच हा प्रवास आज आपल्याला पाहता येतो.

(हे सारे स्वतःच्या चित्रापुरते. आजोबांनी रंगवलेले चित्र घरी असेल तर त्यावर कोणीही हात चालवू नये. तो संवर्धकाचा विषय आहे. तो केवळ गेलेल्या जागी, पुन्हा काढता येईल असाच रंग भरतो.)

मी शेवटी काय केले? आधी चित्राची समोरून व मागून छायाचित्रे काढली. टेकडीवर राखाडी-जांभळ्याचा पातळ थर दिला आणि तिची आकाशालगतची कड बोटाने पुसट केली. टेकडी मागे सरली तसे नदीचे पात्रही रुंद दिसू लागले. पळसाचे डाग तसेच आहेत, अजूनही लाल शाईसारखे. विजेच्या खांबांसाठी त्याच धुऱ्यावर बसून दुसरा बोर्ड सुरू केला आहे, तो अद्याप अपुरा आहे. जुन्याच्या मागे १९८६ च्या तारखेखाली दुरुस्तीची तारीख आणि ‘फक्त टेकडी’ एवढे पेन्सिलीने लिहून ठेवले.