राहून गेलेलं बोलावणं

डिसेंबर उजाडला की दरवर्षी तिचा फोन यायचा, "या वर्षी तरी नाताळला ये गं. आई विचारते." माझं उत्तरही ठरलेलं, "बघते गं. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्य..." खरं कारण वेगळंच होतं. त्यांच्याकडे जेवायचं कसं आणि घरी काय वाटेल? हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला कळत असणारच.

कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत होतो. ही वसईजवळच्या निर्मळची. सासर-माहेर एकाच गावात. दिवाळीला ती माझ्याकडे राहून गेलेली, सासूबाईंबरोबर चकल्या पाडलेल्या. मी मात्र एकदाही तिच्याकडे गेले नव्हते.

मागच्या पावसाळ्यात तिची आई गेली. डिसेंबरमध्ये फोन आलाच नाही. मग मीच केला, "आम्ही दोघी येतोय, चालेल?" ती जराशी थांबली. मग म्हणाली, "या."

नालासोपाऱ्याला उतरलो तेव्हा इमारतींच्या गर्दीत जीव घाबरला. पण रिक्षा पश्चिमेकडे निघाली आणि हळूहळू नारळ, केळीच्या वाड्या दिसू लागल्या. दारोदारी आकाशकंदील, अंगणात मुलांनी केलेला येशूजन्माचा गोठा. गवत, माती, बोळकी... आपल्या मुलांचा दिवाळीचा किल्लाच आठवला! गावात शंकराचार्यांचं मंदिर आहे आणि चर्चही. कार्तिकातली इथली जत्रा प्रसिद्ध आहे. सुकेळी घ्यायला लोक लांबून येतात.

तिच्या दाराला मात्र कंदील नव्हता. "यंदा घरात काहीच केलं नाही," ती म्हणाली. पण संध्याकाळपासून शेजारणी झाकलेली ताटं घेऊन येत राहिल्या. करंज्या, शंकरपाळे, कलकल. दुःखाच्या घरी फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायचा, हे आपल्याकडेही तसंच ना?

रात्री मिस्सेला गेलो. मला वाटलं होतं सगळं इंग्रजीत असेल. पण प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत! पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६२ ते १९६५ दरम्यान रोमला धर्मपरिषद झाली, त्यानंतर ती लोकांच्या भाषेत आली. २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे, हे मला ठाऊक होतं. तरी 'त्यांची भाषा वेगळी' हे डोक्यातून गेलं नव्हतं. पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पण ही माणसं त्याआधीही इथलीच होती आणि नंतरही. लाल लुगड्यातल्या एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "कुठली गं तू?" घरातली सामवेदी बोली मात्र मला निम्मीच कळली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. बाकीच्यांना इंद्याल, मला वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी. भाजीचं पातेलं कोरं करकरीत. मी सहज म्हटलं, "नवीन घेतलंस?"

"नाही गं. आईने घेऊन ठेवलेलं. तू शाकाहारी, तुझ्यासाठी भांडं वेगळं हवं म्हणून. दरवर्षी नाताळच्या आधी माळ्यावरून काढायची, घासायची, परत ठेवायची."

घास घशाखाली उतरेना. किती वर्षं त्या माउलीने ते पातेलं घासलं असेल!

संध्याकाळी तिघी दफनभूमीत गेलो. वाडीतली फुलं वाहिली. मी मनातल्या मनात म्हटलं, "आई, आले हो." उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी वाडीतल्या बावखलाच्या काठावर बसून पोटभर गप्पा मारल्या. किती बावखलं बुजली, शेजारची वाडी कुणी विकली, कुणाची मुलं परदेशी गेली, हे ती सांगत होती. निघताना तिने सुकेळी बांधून दिली.

घरी आल्यावर भीतभीतच पुडा सासूबाईंपुढे ठेवला. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोड आहे हो. चकल्या पाडायला आलेली तीच ना ही? मग इतकी वर्षं गेली का नाहीस?"

मी काय उत्तर देणार? त्यांनी मला कधी अडवलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, तुम्हालाही असं कुणी बोलवत असेल तर जाऊन या. बोलावणारं माणूस आहे तोवर.