वलयाकार संगणक जाळ्यातील पोर्टरोध

संगणक जाळ्यातील स्विच ही उपकरणे वलयाच्या आकारात एकमेकांस जोडली असता माहिती त्या वलयात अखंड फिरत राहू नये, म्हणून वलयातील एक पोर्ट वाहतुकीस हेतुपुरस्सर बंद ठेवतात. या योजनेस पोर्टरोध म्हणतात. रोधलेल्या पोर्टाची तार जागेवरच असते व त्यावरून नियंत्रक संदेश येत राहतात. फक्त वापरकर्त्यांची माहिती तेथून पुढे पाठविली जात नाही. वलयातील दुसरी एखादी जोडणी तुटली की हेच पोर्ट खुले होते.

दहा स्विच एका ओळीत जोडण्यास नऊ जोडण्या पुरतात. परंतु त्यांपैकी एक तुटली, तरी जाळ्याचे दोन तुकडे होतात. दहावी जोडणी घालून ओळीची दोन टोके सांधली की वलय पूर्ण होते आणि कोणतीही एक जोडणी तुटल्यास माहिती उलट दिशेने जाऊ शकते. थोड्या खर्चात मिळणाऱ्या या सुरक्षिततेमुळे कारखाने, वीज उपकेंद्रे, रेल्वे, शहरांतील प्रकाशीय तंतूंची जाळी इ. ठिकाणी वलयरचना रूढ झाली.

बंद फेऱ्याचा धोका : इथरनेट पद्धतीत माहिती लहान पुडक्यांच्या रूपाने जाते, अशा पुडक्यास फ्रेम म्हणतात. सर्वांसाठी असलेली फ्रेम स्विच, ती ज्या पोर्टातून आली ते वगळून, इतर सर्व पोर्टांतून पुढे पाठवितो. वलय पूर्ण खुले असल्यास अशा फ्रेमच्या दोन प्रती परस्परविरुद्ध दिशांनी फिरू लागतात. इंटरनेटच्या आयपी पुडक्यात टप्पे मोजणारा अंक असतो व तो शून्य झाला की पुडके टाकून दिले जाते. इथरनेट फ्रेममध्ये असा अंक नसल्याने तिचे भ्रमण आपोआप थांबत नाही. नव्या फ्रेम येत राहतात, जुन्या संपत नाहीत आणि थोड्याच वेळात जोडणीची सर्व क्षमता व्यापली जाते. सेकंदास १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून सर्वांत लहान आकाराच्या सुमारे १४·८८ लाख फ्रेम दर सेकंदास जाऊ शकतात, यावरून या ‘वादळा’च्या वेगाची कल्पना येईल. शिवाय एकाच संगणकाच्या फ्रेम दोन्ही बाजूंनी येऊ लागल्याने तो कोणत्या दिशेस आहे, याची स्विचमधील नोंद सतत बदलते.

स्पॅनिंग ट्री पद्धती : डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय मांडला. जोडण्यांच्या गुंतागुंतीतून सर्व स्विचांपर्यंत पोहोचणारा, परंतु कोठेही बंद फेरा नसणारा वृक्ष स्विचांनी आपसांत संदेश पाठवून स्वतःच शोधावा, ही त्यामागील कल्पना. १९९० मध्ये तिला आयईईई ८०२.१डी या मानकाचे रूप मिळाले. प्रथम सर्वांत लहान ओळखक्रमांकाचा स्विच ‘मूळ’ म्हणून निवडला जातो. या क्रमांकात आधी अग्रक्रम व नंतर उत्पादकाने दिलेला पत्ता येतो. इतर प्रत्येक स्विच मुळापर्यंतचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडतो. हा खर्च जोडणीच्या वेगावरून ठरतो. १९९८ च्या मानकात १ गिगाबिट जोडणीचा खर्च ४ आहे. निवडीत न बसणारे पोर्ट रोधले जाते.

रोधाचे स्थान ठरविणे : क, ख, ग, घ व च हे पाच स्विच याच क्रमाने वलयात जोडलेले असून क हा मूळ आहे व प्रत्येक जोडणीचा खर्च ४ आहे, असे मानू. ख व च यांचा मुळापर्यंतचा खर्च ४, तर ग व घ यांचा ८ होतो. ग व घ यांमधील जोडणी कोणासही लागत नाही. म्हणून त्या दोघांपैकी ज्याचा ओळखक्रमांक मोठा, त्याचे त्या जोडणीवरील पोर्ट रोधले जाते. म्हणजेच रोध साधारणपणे मुळाच्या समोरच्या बाजूस पडतो.

आता घ व च यांमधील जोडणी भाड्याची किंवा बेभरवशाची असून रोध तेथे हवा असेल, तर घ च्या च कडील पोर्टाचा खर्च ४ ऐवजी २० करावा. घ ला च मार्गे २४, तर ग मार्गे १२ खर्च पडतो. म्हणून तो ग मार्गे जातो व त्याचे च कडील पोर्ट रोधले जाते. खर्च वाढवताना तो कोणत्या टोकाशी मोजला जातो, हे ध्यानात घ्यावे लागते : मुळाकडून आलेला संदेश जे पोर्ट स्वीकारते, त्याचाच खर्च बेरजेत धरतात. च च्या टोकाशी बदल केल्याने या उदाहरणात काहीच साध्य होणार नाही.

मूळ कोणते असावे, हेही आधी ठरविणे आवश्यक असते. सर्व स्विचांचा अग्रक्रम मूळचा ३२,७६८ असाच राहू दिल्यास निर्णय पत्त्यावर जातो आणि अनेकदा जाळ्यातील जुना, मंद स्विच मूळ ठरतो. मग रोध एखाद्या सर्वांत वेगवान जोडणीवरही पडू शकतो. म्हणून इच्छित मुळास ४,०९६ व त्याच्या पर्यायी स्विचास ८,१९२ यांसारखे लहान अग्रक्रम देतात.

वलयासाठी खास पद्धती : मूळ स्पॅनिंग ट्री पद्धतीस बदललेला मार्ग खुला करण्यास ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू या मानकाने हा काळ बराच कमी केला. केवळ वलयासाठी आखलेल्या पद्धतींत रोधाची जागा गणिताने न निघता नेमून दिली जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.८०३२ या शिफारशीत (२००८) एक संरक्षक जोडणी व तिचा स्वामी स्विच ठरविलेला असतो. बिघाड झाल्यास त्यालगतचे दोन्ही स्विच बिघडलेल्या जोडणीकडील आपापली पोर्टे रोधून संदेश पाठवितात आणि स्वामी आपले पोर्ट खुले करतो. १६ पेक्षा कमी स्विच व १,२०० किमी.पेक्षा कमी परिघ असलेल्या वलयात हे ५० मिलिसेकंदांत व्हावे, असे उद्दिष्ट आहे. दुरुस्तीनंतर स्वामी काही मिनिटे थांबून मगच आपले पोर्ट पुन्हा रोधतो. त्यामुळे जोडणी वारंवार तुटत-जुळत असल्यास वाहतूक इकडून तिकडे हेलकावत नाही. कारखान्यांतील आयईसी ६२४३९-२ पद्धतीत व्यवस्थापक स्विच दोन्ही बाजूंनी चाचणी-फ्रेम पाठवितो. त्या परत आल्या की वलय अखंड आहे असे समजून तो आपले एक पोर्ट रोधलेले ठेवतो.

दक्षता : स्पॅनिंग ट्रीमधील रोध शेजाऱ्याकडून नियमित येणाऱ्या संदेशांवर टिकून असतो. संदेश थांबले म्हणजे मार्ग तुटला, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रकाशीय जोडणीतील दोन तंतूंपैकी एकच निकामी झाला, तर संदेश पोहोचत नाहीत, पण उलट दिशेची वाहतूक चालू राहते. अशा वेळी रोधलेले पोर्ट चुकीने खुले होऊन बंद फेरा निर्माण होतो. याकरिता संदेश थांबताच पोर्ट न उघडणाऱ्या संरक्षक योजना वापरतात.

मूळ पद्धतीतील कालमर्यादा कोणत्याही दोन टोकांमध्ये सातपेक्षा अधिक स्विच नसतील, असे गृहीत धरून ठरविलेल्या होत्या. वलय तुटताच त्याची लांब ओळ होत असल्याने ही मर्यादा नेमकी बिघाडाच्या वेळी ओलांडली जाण्याचा संभव असतो. अमेरिकेतील बॉस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाचे, वर्षानुवर्षे वाढत जाऊन या मर्यादेपलीकडे गेलेले जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये सुमारे चार दिवस कोलमडले आणि डॉक्टर व परिचारिकांना नोंदी पुन्हा कागदावर कराव्या लागल्या. त्या जाळ्याची रचना निव्वळ वलयाची नव्हती. तथापि जाळे वाढविताना त्याच्या रोधांचा पुनर्विचार न केल्यास काय घडू शकते, हे त्यावरून दिसून आले. म्हणून नेहमीच्या स्थितीत कोणते पोर्ट रोधलेले असावे, याची जाळ्याच्या आराखड्यावर नोंद ठेवणे व राखीव जोडणीची ठराविक काळाने चाचणी घेणे इष्ट समजले जाते.